मधली ओळ

पूर ओसरून चार दिवस झाले होते. गावभागातल्या बाईंच्या घरी पोचले तेव्हा खालच्या खोल्यांत कोणीच नव्हतं. भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर होती, आणि पायाखाली तो चिकट काळा गाळ, ज्याचा वास सांगलीकराला वेगळा सांगावा लागत नाही. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली होती.

जिना चढून गच्चीवर गेले. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधून बाईंनी वह्या वाळत घातल्या होत्या. कपड्यांसारख्या मधोमध उघडून, चिमटे लावून. चाळीसेक तरी असतील. वाऱ्यानं पानं हलत होती आणि पानांवर अक्षर उरलं नव्हतं, नुसते निळसर ढग होते. बाईंनी जन्मभर शाईच्या पेनानंच लिहिलं. त्यांनी चाली लावलेलं प्रत्येक गाणं, प्रत्येक ओळीचं नोटेशन त्या ढगांत विरून गेलं होतं.

"तानपुरा वर नेला गं आधी," बाई म्हणाल्या. "वह्या ट्रंकेत होत्या. म्हटलं, लोखंडी ट्रंक आहे, तिला काय होतंय."

एवढंच. मग त्यांनी मला चिमटे धरायला लावले आणि पुढची वही उघडली.

बाई आमच्या शाळेत गाणं शिकवायच्या. तेवढ्यानं त्यांची ओळख होत नाही, कारण शाळेत गाणं शिकवणारं कुणीतरी असतंच. आठवड्याला दोन तास, पेटीवर अलंकार, गॅदरिंगला स्वागतगीत, पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली दोन गाणी. बाईंनी यातलं सगळं केलं. पण त्यांचं खरं काम शाळा सुटल्यावर साडेपाचला सुरू व्हायचं. चित्रकलेच्या वर्गातले बाक भिंतीला लावून आम्ही साठ-पासष्ट मुलं-मुली तीन अर्धवर्तुळांत उभ्या राहायचो आणि बाई मधोमध. काठी नाही, पट्टी नाही, फक्त दोन हात. उजव्या हातानं ताल, तोही आपल्याच पद्धतीचा, टाळी आणि खाली दाखवत. डाव्या हातानं बाकी सगळं. तळवा जमिनीकडे वळला की आवाज खाली. बोटं हलली की शब्द स्पष्ट करा. आणि गाणं संपवायचं असेल तेव्हा डावी मूठ मिटायची, एकदम नाही, करंगळीपासून एकेक बोट आत घेत. अंगठा मिटला की साठ जणांचा सूर एका क्षणी थांबला पाहिजे. एखाद्याची शेपूट मागे राहिली की बाई काही बोलायच्या नाहीत, पुन्हा पहिल्यापासून.

बाई मूळच्या मिरजेच्या. आमच्या सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, शहर बसनं जेमतेम अर्ध्या तासावर गाण्याचं एवढं मोठं घर आहे, हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं. एका सहलीला बाकीचे वर्ग पन्हाळ्याला गेले आणि आम्हाला घेऊन बाई मिरजेला गेल्या. सतारमेकर गल्लीत आम्ही मोठाले वाळके भोपळे पाहिले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. एक कारागीर तानपुऱ्याची घोडी घासत होता. थोडी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. जवारी काढणं म्हणतात ते हेच. बाईंनी आम्हाला अर्धा तास तिथे नुसतं ऐकत उभं केलं. तार बोलायला लागली तो क्षण आमच्यापैकी कितीजणांना कळला कोण जाणे. मला कळला नव्हता. मी हो म्हणून मान हलवली होती आणि बाईंनी ती खोटी मान बरोबर ओळखली होती.

मग मिरासाहेब दर्गा. तिथल्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली दक्षिणेतल्या प्रवासात त्यांना अस्वस्थ वाटू लागलं, सिंगपेरुमलकोईलच्या स्टेशनावर ते उतरले, प्लॅटफॉर्मवर बसून सुरांत प्रार्थना केली आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेला आणलं. ही हकीकत बाईंनी कबरीपाशी उभं राहून, आवाज न चढवता सांगितली. दरवर्षी उरुसात तिथे गायक येऊन हजेरी लावतात हेही सांगितलं. आमच्यातल्या एका मुलानं विचारलं, "बाई, खाँसाहेब एकटेच गायचे ना? मग आपण सगळे मिळून का गातो?"

मुलाचा प्रश्न भाबडा होता, पण बाईंना तो आयुष्यभर मोठ्या माणसांनीही विचारला. आपल्याकडे गाणं एकट्याचं असतं. एक गळा, एक तानपुरा, आणि त्या एका गळ्यातून उमलत जाणारा राग. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं घराण्याच्या ओसरीवरून वर्गात आलं. पण वर्गात शिकून बाहेर पडणारा पुन्हा एकटाच गाणार. बाई स्वतः किराणा घराण्याच्या अंगानं शिकलेल्या, विशारद झालेल्या. त्यांना मैफिली करता आल्या असत्या असं जाणकार म्हणत. त्यांनी समूहगान निवडलं, आणि याचा अर्थ पुष्कळांनी असा लावला की यांना पुढे जमलं नसणार.

त्या दिवशी दर्ग्यात त्यांनी त्या मुलाला उत्तर दिलं नाही. परतीच्या बसमध्ये मात्र त्यांनी आम्हाला त्यांच्या शेजारणीची गोष्ट सांगितली. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तिथली एक नर्स बाईंच्या लहानपणी त्यांच्या वाड्याशेजारी राहायची. दर रविवारी ती चर्चमध्ये गायला जायची आणि आठवडाभर घरी तिची ओळ घोकायची. ते गाणं बाईंना अपुरं वाटायचं. दोन-तीन सुरांतच घुटमळणारं, चाल म्हणावी अशी नाहीच. एका नाताळला ती बाईंना बरोबर घेऊन गेली. चार आवाज एकदम सुरू झाले, आणि त्या घुटमळणाऱ्या ओळीवर बाकीच्या तिन्ही ओळी उभ्या आहेत हे नऊ वर्षांच्या मुलीला ऐकू आलं. "मी रडायलाच लागले," बाई म्हणाल्या. आम्ही त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे हे आम्हाला फार मोठं वाटलं.

त्यानंतर बाईंनी जन्मभर जे केलं ते इतकंच, की ती चर्चमधली गोष्ट आणि मिरजेचा तानपुरा यांचं एकमेकांशी पटवून दिलं. हे सोपं नाही. रागात नसलेला सूर केवळ खाली भरणा हवा म्हणून घातला तर राग मोडतो. तिकडच्या पद्धतीनं आधार द्यायला गेलं की भूप रागात नसलेले मध्यम आणि निषाद हळूच शिरायला बघतात. बाई त्यांना दारातही उभं करायच्या नाहीत. वरच्या ओळीचा गांधार असेल तर मधली षड्जावर, खालची मंद्र पंचमावर. वरची पंचमाला गेली की मधली रिषभावर येणार, खालची आपली तिथेच. पाच सुरांतच तीन ओळी. आमचं भूपाचं गाणं असं बांधलेलं होतं. पाठ्यपुस्तकातल्या पहाटेच्या कवितेला बाईंनी लावलेली चाल, सांगलीत कुठल्याही स्पर्धेत आमची शाळा ओळखली जायची ती या गाण्यानं.

तालमीला पेटी फक्त पहिले चार दिवस. एकदा ओळी बसल्या की बाई भाता बंद करायच्या आणि पेटीवर कापड टाकायच्या. पेटीचा गांधार किंचित चढा असतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप निघणारा गांधार त्याहून खाली बसतो. "तो शोधा," त्या म्हणायच्या. काळी चारच्या पट्टीत लावलेला तानपुरा वाजत राहायचा आणि आम्ही डोळे मिटून शोधायचो. आठवीत कधीतरी, पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, पासष्ट गळ्यांना तो एकदम सापडला. खोलीत अजून कुणीतरी गातंय असं वाटलं. वरून, छताजवळून. मी घाबरून डोळे उघडले. बाई हसत होत्या.

मी मधल्या ओळीत होते.

वरच्या ओळीत असणं म्हणजे चाल आपल्याकडे असणं. घरी आई विचारायची, "म्हणून दाखव बघू तुमचं गाणं," तर वरच्या ओळीतल्या मुली म्हणून दाखवू शकायच्या. खालच्या ओळीत आवाज फुटलेले मुलगे. आमच्या काळात मुलाचा आवाज फुटला की त्याला गाण्यातून काढून तबल्याच्या बाजूला बसवत. बाईंनी एकालाही काढलं नाही. "फुटलेल्या आवाजालाच मंद्र पंचम लागतो, लेकांनो," असं सांगून त्यांनी आठवी-नववीच्या त्या अवघडलेल्या पोरांना अशी काही जागा दिली की ते त्या पंचमावर मालकी असल्यासारखे उभे राहायचे. त्यातला एक आज मार्केट यार्डात हळदीची अडत सांभाळतो. सौद्यात हाक मारतो तेव्हाही त्याचा पंचम लागलेला असतो.

आणि आम्ही मधले. सा, सा, रे, सा. मग एकदाच ग. पुन्हा सा. घरी म्हणून दाखवलं तर आई म्हणायची, "हे काय गाणं आहे?" मी सहावीत बाईंकडे जाऊन म्हटलं होतं, मला वर घ्या. बाईंनी पुढच्या तालमीत मधल्या ओळीला गप्प राहायला सांगितलं आणि बाकी दोघींकडून गाणं म्हणवून घेतलं. गाणं नीटच झालं. पण मधे काहीतरी पोकळ. मग आम्हाला घेतलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मी परत कधी वर मागितलं नाही.

सगळ्यांचं असं झालं नाही. वरच्या ओळीत एक मुलगी होती, तिचा गळा खरोखर देवाचा होता. तिला एकटीनं गायचं होतं. एका स्पर्धेत गाण्याच्या मधे एक आलाप एकटीनं घेऊ द्या, असं तिनं, मग तिच्या वडिलांनी येऊन बाईंना विनवलं. बाई नाही म्हणाल्या. पुन्हा नाही म्हणाल्या. दहावीच्या आधी ती समूहातून गेली, आणि काही वर्षं तिनं गाणंच सोडलं. मला आजही वाटतं की बाई तिथे चुकल्या. दोन आवर्तनांचा आलाप दिल्यानं आमचं काही मोडलं नसतं. बाईंनाही पुढे तसं वाटलं असावं, कारण तिचं नाव निघालं की त्या विषय बदलायच्या, आणि विषय बदलणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

श्वासाबद्दल सांगायलाच हवं. लांब सूर असला की एकट्याचा दम पुरत नाही. समूहात तो पुरवता येतो, पण सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की सुराला भोक पडतं. बाई त्याला चोरटा श्वास म्हणायच्या. शब्दाच्या कडेला घ्यायचा नाही, मधेच, हळूच, शेजारीण घेत नसेल तेव्हा. म्हणजे डावी-उजवीकडच्या दोघींचा दम कधी संपतो हे आपल्याला ठाऊक पाहिजे. महिनाभर बाई आमच्याकडून एकच सा धरून घ्यायच्या. पाच मिनिटं, सात मिनिटं. आम्ही आळीपाळीनं श्वास चोरत राहायचो आणि सा अखंड. माझ्या डावीकडच्या मुलीला दमा होता. तिचा श्वास लवकर सरायचा, तो मी इतका पाठ केला होता की वर्गात गणित सोडवतानाही ती धापली की मला आपोआप कळायचं. आम्ही कधी फार मैत्रिणी नव्हतो. पण तिच्याइतकं माझं कुणाकडेच लक्ष नव्हतं.

एवढं करून लोकांच्या लेखी हे सगळं काय होतं, तर पाहुणे येईपर्यंतचं गाणं. कार्यक्रमपत्रिकेत बाईंचं नाव नसायचं, "शालेय विद्यार्थी" असायचं. अध्यक्ष उशिरा आले की अजून एक म्हणा, वेळेवर आले की आवरा. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक उभं केलं आणि मराठी रंगभूमीचा उगम म्हणून जे गाव मिरवतं, त्या गावात मुलांकडून इतकं अवघड काम करून घेणाऱ्या बाईबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत याचं मला वाईट वाटतं. मी लिहितेय ते त्या चार ओळींच्या बाकीपोटी.

पुरानंतर वह्या वाळल्या, कडक झाल्या, पण अक्षर आलं नाही. तेव्हा बाईंचं वय सत्तरीच्या पुढे होतं आणि चाली त्यांना येत होत्या. ओळी मात्र सगळ्या येत नव्हत्या. दर बॅचला त्यांनी गळे पाहून ओळी बदलल्या होत्या. मग आम्ही जुन्या मुला-मुलींना शोधायला लागलो. व्हॉट्सअ‍ॅपवर गट झाला. पुण्याहून, इचलकरंजीहून, बंगळूरहून आवाज येऊ लागले. आणि एक गोष्ट लक्षात आली, जी खरं तर आम्हाला माहीत असायला हवी होती. पूर्ण गाणं कुणालाच येत नव्हतं. ज्याला त्याला आपापली ओळ. वरच्या ओळीतली वरची म्हणायची, अडतवाला पंचम धरायचा, आणि बाई त्यांच्या नव्या वहीत, आता बॉलपेननं, एकेक ओळ उतरवत जायच्या. ती देवाचा गळा असलेली मुलगीही गटात आली. काही न बोलता तिनं भूपाच्या गाण्याची वरची ओळ म्हणून पाठवली. बाईंनी ती किती वेळा ऐकली हे त्यांच्या बहिणीनं मला नंतर सांगितलं. मी आकडा इथे लिहीत नाही.

भूपाची मधली ओळ माझ्याकडे आली. मी फोन हातात धरून बसले आणि मला ती येईना. सा, सा, रे... पुढे काय? विश्रामबागेतल्या घरात, दारं लावून, किती वेळा म्हटलं. पहिल्या कडव्यापलीकडे जाईना. त्या ओळीला स्वतःची अशी चालच नव्हती, ती वर-खालच्या आधारानंच उभी होती. शेवटी बाईंना फोन करून म्हटलं, "मला एकटीला येत नाही."

"एकटीला कशी येईल?" बाई म्हणाल्या. "सगळे जमलात की येईल."

जमायचं ठरलं २०२० च्या एप्रिलमध्ये. मार्चमध्ये सगळं बंद झालं. बाईंच्या भाच्यानं त्यांना झूम लावून दिलं, आणि आम्ही पडद्यावर वीस-बावीस चौकोन होऊन बसलो. गायला लागलो तर नुसता कालवा. प्रत्येकाचा आवाज क्षणभर उशिरा पोचतो, आणि त्या क्षणभरात ताल मोडतो. बाईंनी दोनदा हात वर केला, दोनदा खाली घेतला. मग म्हणाल्या, "एकेकानं म्हणा. बाकीच्यांनी माईक बंद ठेवा." माझी पाळी आली तेव्हा मी पुन्हा पहिल्या कडव्यावर थांबले. "राहू दे," बाई म्हणाल्या, "जागा सोडून ठेवते." वहीत त्यांनी तेवढी ओळ मोकळी ठेवली.

२०२१ च्या मे महिन्यात बाई गेल्या. झोपेत, हृदय थांबलं. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती. मी त्या विसांत नव्हते.

दिवाळीनंतर, प्रवास खुले झाल्यावर, आम्ही सत्तावीसजण बाईंच्या घरी जमलो. भिंतींना नवा रंग होता, त्याखालून पुराची रेघ पुन्हा उमटायला लागली होती. बाईंच्या बहिणीनं तानपुरा काढून दिला. दोन तारा नव्या होत्या, मिरजेहून जवारी करून आणलेला. मला डावीकडे बघायची सवय, डावीकडे जागा रिकामी होती. दम्याची ती मुलगी सोलापूरला असते, तिला यायला उशीर झाला, आणि ती आली ती धापतच येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. कुणी काही सांगितलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी गेले होते.

अडतवाल्यानं पंचम धरला. वरची ओळ सुरू झाली, तीच, ती एकटीच गाऊ इच्छिणारी, सगळ्यांमध्ये उभी राहून. आणि माझ्या तोंडून मधली ओळ निघाली. पहिलं कडवं, दुसरं कडवं, जिथे ग यायचा तिथे ग. मी आठवत नव्हते. बाईंची वही उघडीच होती, तिच्यातल्या मोकळ्या ओळीवर कुणीतरी पेन घेऊन भराभर उतरवून घेत होतं.

गाणं संपलं, म्हणजे शब्द संपले, आणि शेवटचा सा राहिला. तेव्हा आम्हा सगळ्यांना एकदम कळलं की मधोमध कुणी उभं नाही. सा थांबवायचा कुणी? डावीकडचीचा श्वास सरला, मी धरला. माझा सरला, तिनं धरला. खालच्या ओळीत एकजण रडायला लागला, त्याच्या शेजारच्यानं त्याचा सूर उचलला. किती वेळ गेला सांगता येत नाही. छताजवळ तो गांधार लागला होता.

बाईंची बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं आयुष्यात कधी गाणं म्हटलं नाही, पण चाळीस वर्षं दारातून तालमी पाहिल्या होत्या. तिनं ओला हात पदराला पुसला, डावा हात वर केला, आणि करंगळीपासून एकेक बोट आत घ्यायला लागली.